सावलीचा छाप

ठाकुरवाडीला घाट उतरणाऱ्या गाड्या थांबायच्या. ब्रेक तपासून झाले की हलायच्या. तेवढ्या वेळात खिडक्यांतून शेंगांची टरफलं पडायची, केळीची सालं पडायची, रिकाम्या काडेपेट्या आणि सिगारेटची पाकिटं पडायची. गाडी गेली की आमच्या गँगची चार माणसं, त्यातल्या एकाच्या मिशा पार पिकलेल्या, वाकून वाकून रुळांच्या कडेची पाकिटं वेचायची. पहिल्या आठवड्यात मी हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, रेल्वेत हेही काम असेल. मीही वेचायला लागलो आणि गोळा झालेलं सगळं इमानानं मुकादमापुढं नेऊन ठेवलं. मग गँग हसली ती बराच वेळ हसत होती.

ते काम नव्हतं, खेळ होता.

मी बीडकडचा. शाळा सहावीतच सुटली, नंतर सातआठ वर्षं दुसऱ्यांच्या रानात गेली. एका ओळखीच्या माणसाच्या मागं कर्जतला आलो तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा असेन. तो माणूस स्टेशनातून चहा प्यायला म्हणून गेला, तो आजतागायत मला दिसलेला नाही. पावसाळ्यापुरते हंगामी गडी घेत होते, घाटात दरडींवर नजर ठेवायला. त्यात माझं नाव लागलं. पण लागलेलं नाव कापलंही जातं, ही धास्ती माझ्या पोटात सदा असायची. कोणी नुसतं मोठ्यानं बोलावलं तरी मला वाटायचं, झालं.

गँगमधल्यांना ताडपत्रीचे कोट होते. माझ्याकडं आईनं दिलेली काळी घोंगडी. तिची खोळ करून मी डोक्यावर घ्यायचो, ती गुडघ्यापर्यंत यायची. सबंध घाटात तशी खोळ माझी एकट्याचीच.

"आला बघा घाटी. मेंढरं कुठं सोडली रं?" असं रोज कोणीतरी विचारायचंच.

मला राहायला जागा दिली ती पिकल्या मिशांच्या म्हाताऱ्यानं. तो तिथल्याच डोंगरातल्या ठाकरांच्या वाडीतला. जन्म गँगमध्ये गेलेला, रिटायर व्हायला सहा महिने राहिलेले. त्याला सगळे बाबा म्हणायचे. गँगच्या चाळीत त्याची एक खोली होती. त्यानं मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं, "तुजं आथरून हितं टाक." मला ताप आला तेव्हा कसल्याशा मुळीचा काढा त्यानं तीन दिवस उकळून पाजला, आणि मुकादमाला सांगितलं की गडी कामावर आहे, वरच्या अंगाला आहे. माझं नाव तेव्हा राहिलं ते त्याच्यामुळं. हे मी विसरलो नाही आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

खेळही बाबाचाच. दुपारची भाकरी झाली की कातळाच्या आडोशाला बसायचं. ज्याच्या त्याच्यापुढं त्याचे छाप, म्हणजे पाकिटांवरून कापलेली चित्रं: वाघ, मोर, जहाज, हत्ती, कंदील. अदलाबदल चालायची, दोन मोरांना एक जहाज. एवढं साधं. पण काही छापांच्या पाठीवर बाबानं कोळशानं खुणा केल्या होत्या. ते मंत्र. मूठ मारली की समोरच्याचं एक जनावर मरायचं. उतारा टाकला की मूठ कापली जायची. मंत्र टाकणाऱ्यानं मोल म्हणून आपला एक छाप खडीखाली सारायचा, तो कायमचा गेला. टाकलेल्या मंत्रावर एक दगड ठेवायचा आणि दगड उचलून 'बसला' म्हणेपर्यंत तो मंत्र हवेत आहे असं धरायचं. हवेत आहे तोवरच कापता येई.

शिवाय एक सावलीचा छाप होता. दोन्हीकडून काळा केलेला. हवेतल्या मंत्रावर तो धरला की त्या मंत्राची नक्कल व्हायची. नक्कल म्हणजे टाकलेला मंत्र नव्हे, म्हणून तिला मोल नाही. मोल मूळवाल्यानं भरायचं.

एकदा कोणी मंत्र टाकायच्या आधीच मी सावली पुढं केली. सगळे थांबले.

"मूळ कुठाय?" गँगमधला खालापूरकडचा गडी म्हणाला. "नुसती घोंगडी टाकलीस, खाली मेंढरूच नाय."

हा खालापूरकडचा आमच्यात जास्त शिकलेला, पेपर वाचणारा. त्याच्या घरच्यांनी धम्मदीक्षा घेतलेली, देव्हारा उचललेला. "आमच्यात मंत्रबिंत्र बंद झालं," म्हणायचा, "म्हणून हितं हौस भागवतो." त्याच दुपारी त्यानं बाबाच्या वाघावर मूठ मारली. आता मूळ होतं, म्हणून मी सावली धरली.

"कुनावर?" बाबानं विचारलं.

मी नुसती सावली धरून राहिलो.

"बोलला नाय म्हंजे मूळ जिकडं तिकडंच. वळवायची तर तवाच वळवायची आसती." एवढं बोलून बाबानं उतारा काढला आणि खालापूरकडच्याची मूठ कापली.

"सुटलात बाबा," मी म्हणालो. मला खरंच बरं वाटलं होतं.

"सुटतोय कशाला? तुजी सावली हाय ना."

"आवो बाबा, मूळच कापलं की," खालापूरकडचा म्हणाला. "झाड तोडल्यावर सावली ऱ्हाती का?"

"झाडाची नाय ऱ्हात. मंत्राची ऱ्हाती. येकदा पडली का ती तिची ती." बाबानं आपला वाघ स्वतःच्या हातानं उलटा केला. "आन सावली आदी बसती, मूळ मागनं. ध्यानात ठेव, मास्तर."

सहावीपर्यंत शिकलो म्हणून मी मास्तर.

हे नियम केले कुणी, असं मी विचारलं. बाबा म्हणाला, त्याचा बाप भगत होता. पोरं बापाचं बघून सागाच्या पानांवर खेळायची.

"बापाच्या तिथं ह्ये खरं हुतं," तो म्हणाला.

"खरं म्हणजे?"

"म्हंजे वाघ कागदाचा नव्हता."

खालापूरकडचा हसला. बाबा हसला नाही. तो दगड गोळा करून एका बाजूला लावत होता.

आता कामाचं सांगतो. आमच्या हद्दीत एक खिंड होती, दोन्ही बाजूंना उभे कातळ. पावसात तिथून दगड सुटायचे. खिंडीच्या तोंडाशी बाबा उभा राहायचा, लाल आणि हिरवी झेंडी घेऊन. पण कर्जतकडून चढणाऱ्या गाडीला वळणामुळं बाबा दिसायचा नाही. म्हणून खाली वळणावर, विजेच्या चार खांबांच्या अंतरावर, दुसरा माणूस लागायचा. त्या पावसाळ्यात तो मी होतो. मला बाबा दिसायचा, गाडीला मी दिसायचो.

मुकादमानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "वरून लाल तर तू लाल. वरून हिरवी तर तू हिरवी. आपलं डोकं चालवायचं नाय. तू म्हंजे आरसा. वर काय नसताना झेंडी उघडलीस, तर तिथनंच घरचा रस्ता."

हे मी पाठ केलं होतं.

श्रावणातला दिवस होता, दुपारची वेळ. पाऊस नव्हता, धुकं होतं. घाटातलं धुकं एका जागी बसत नाही, ते खिंडीतून उतरतं, अंगावरून जातं, मागं थोडं मोकळं होतं, पुन्हा उतरतं. मधेच बाबा दिसायचा, मधेच नाही. खालून मालगाडी चढत असल्याचा आवाज यायला लागला. पुढं इंजिनं, मागून ढकलायला इंजिनं, असा तो दोन टोकांचा आवाज. आवाज बराच लांब होता. मी वर पाहिलं. धुकं विरळ झालं होतं आणि त्यात लाल उघडली होती.

हलत नव्हती. दोन्ही हातांत ताणून धरावी तशी सरळ. मला नवल वाटलं ते एवढ्याचंच, कारण बाबा झेंडी हलवायचा, त्याला हलवायची सवय होती. पण नवल करायला वेळ नव्हता. मी माझी लाल उघडली, खिंडीकडं पाठ केली आणि गाडीला सामोरा उभा राहिलो. ड्रायव्हरनं मला लांबून पाहिलं असावं. भोंगा झाला, चाकं कुरकुरली आणि गाडी माझ्यापासून वीस पावलांवर थांबली. माझे हात खाली येईनात. मुकादम पळत आला तेव्हा त्यानंच झेंडी माझ्या हातातून काढून घेतली.

मुकादम वर गेला. खिंडीत दोन्ही रुळांवर दगड पडला होता, बैलगाडीएवढा. शेजारी बाबा लाल झेंडी उघडून उभा होता. धापा टाकत होता. ते सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे म्हणाले, शाबास.

खोलीवर परतलो तेव्हा बाबानं चूल पेटवली नाही. अजून उजेड होता. तो उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "तुला लाल कुनी दावली?"

"तुम्ही."

"मी नव्हतो रं."

वाडीवरून त्याला निरोप आला होता. लेक बाळंतपणाला आलेली, तिला कळा सुरू झाल्या होत्या आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. गाडीला अजून वेळ आहे असं धरून तो झेंड्या गुंडाळून, काखेत मारून वर गेला. सुईण गाठून दिली आणि तसाच परत फिरला. उतरताना अर्ध्या वाटेवर त्याला भोंगा ऐकू आला, मग चाकांची कुरकुर, मग काहीच नाही. खिंडीत येऊन बघतो तर दगड. तेव्हा त्यानं लाल उघडली.

"गाडी आदीच हुबी हुती," तो म्हणाला. "मी दावली ती मागनं."

माझ्या मनात त्याचे शब्द आले, सावली आधी बसते, मूळ मागून. त्याच्याही मनात तेच आलं असावं, कारण तो माझ्या डोळ्यांकडं बघत नव्हता.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. वाडीच्या वाटेवर बाबाला पाहिल्याचं कुणीतरी मुकादमाच्या कानावर घातलं होतं आणि मुकादमाला ते वर कळवावं लागलं. जागा सोडून गेला असं ठरलं तर बाबा नोकरीतून जाणार होता. चार महिने राहिलेले, तेवढ्यासाठी सगळ्या जन्माचं पेन्शन जाणार, चाळीतली खोली जाणार. आणि ठरायचं होतं ते माझ्या एकट्याच्या जबाबावर, कारण त्या वेळी खिंडीकडं तोंड असलेला माणूस मीच.

आदल्या संध्याकाळी बाबा म्हणाला, "तू खरं सांग. माज्यासाठी खोटं बोलू नको." मग चुलीत लाकूड सारत म्हणाला, "पन खरं काय ते मलाच ठावं नाय."

गँगच्या खोपटात टेबल टाकलं होतं. साहेब, त्यांच्या शेजारी लिहिणारा कारकून, दाराशी मुकादम. मी घोंगडीची खोळ काढून हातात धरली होती, तिचं पाणी पायांवर गळत होतं.

"तुला वरून लाल दिसली?"

"दिसली साहेब."

"नक्की? का तू आपल्या मनानं गाडी थांबवलीस?"

"नाही साहेब. आपल्या मनानं दाखवायची नाही असं सांगितलेलं आहे. वरून लाल दिसली, मी लाल दाखवली."

"दाखवणारा माणूस दिसला?"

"धुक्यात माणूस दिसत नाही. झेंडी दिसते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तो तिथं होता का नव्हता?"

'नव्हता' म्हणालो तर बाबा संपला, शिवाय मी कुणाची झेंडी पाहिली याचं उत्तर द्यावं लागणार. 'होता' म्हणणं मला जमेना, कारण बाबानं नको म्हणून सांगितलं होतं. मला काढा पाजणारा तो हात मला दिसत होता आणि धुक्यातली ती लालही दिसत होती, रेसभरही न हलणारी.

"माणसाशिवाय झेंडी उघडत नाही, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी कारकुनाकडं पाहिलं. कारकुनानं लिहिलं, 'सदर इसम जागेवर हजर होता.' मला वाचून दाखवलं आणि मी सही केली. एकेक अक्षर मी इतकं जपून काढलं की कारकून म्हणाला, "सहावी शिकलायस ना रे?"

बाबाची नोकरी राहिली. त्याच्या लेकीला मुलगी झाली होती, तिचं बारसंही झालं. पण आमचा खेळ तिथून मोडत गेला.

खालापूरकडच्याला मी सगळं सांगितलं, एवढ्यासाठी की तो मला वेड्यात काढेल आणि मला बरं वाटेल. त्यानं प्रयत्न केला. "दगड निसटला तिथला लाल मुरूम उघडा पडला आसंल," तो म्हणाला. "त्योच तुला दिसला." आम्ही दोघं बघायला गेलो. दगड सुटलेली जागा खिंडीच्या आत होती, वळणावरून दिसणारीच नव्हती. आणि ती काळी होती, ओला काळा कातळ. खालापूरकडच्यानं त्या कातळावर हात फिरवून पाहिला. मग म्हणाला, "आसंल कायतरी." परतताना तो माझ्या पुढं चालला नाही, मागं राहिला नाही, अगदी खांद्याला खांदा लावून चालला.

कातळाखाली बसलो की छाप पुढ्यात असायचे, पण कुणी मूठ काढायचं नाही. एकदा मीच विषय काढला.

"बाबा, तुम्ही मागून दाखवली. मूळ मागनंच बसतं ना? मग झालं की बरोबर."

बाबानं मान हलवली. "मागनं बसतं. पन टाकल्यालं आदी आसतं. हवेत मंत्र नसंल तर सावली कशावर धरशील? मी तवा टाकलीच नव्हती." त्यानं एक दगड उचलला आणि परत होता तिथंच ठेवला. "मी दावली ती येगळी. तुज्या सावलीचं मूळ माजं नाय."

"मग कुणाचं?"

"ते बसायचं हाय आजून. आन त्याचं मोलबी कुनीतरी भरायचं हाय."

खालापूरकडचा म्हणाला, "बाबा, बास करा." तो थट्टेनं म्हणाला नाही.

पावसाळा सरला तरी माझं नाव कापलं गेलं नाही. चार महिन्यांनी बाबा रिटायर झाला. हार घालून कर्जतला फोटो काढला. जाताना त्यानं मला सावलीचा छाप दिला, दुसरं काही नाही. "ह्यो तुजाच हाय," म्हणाला. मी घेतला. नको म्हणायची माझी हिंमत नव्हती.

पुढं मी कायम झालो. कायम झाल्याचा कागद मी बाबाला वाडीवर नेऊन दाखवला, त्यानं उलटा धरून बराच वेळ पाहिला. नंतर दोन वर्षांत तो गेला. आईची घोंगडी तोवर कसरीनं खाऊन संपली होती, तिचं शेवटचं फडकं मी इंजिनवाल्याला हात पुसायला दिलं. मलाही ताडपत्रीचा कोट मिळाला. आणि खिंडीच्या तोंडाशी, बाबाच्या जागेवर, मी उभा राहू लागलो.

ज्या दिवसाचं सांगायचं आहे तो श्रावणातलाच, दुपारचा. त्या दिवशी खाली वळणावर कुणालाच लावलं नव्हतं. वरचे रूळ बदलायचं काम चालू असल्यानं संध्याकाळपर्यंत गाडीच नव्हती. मुकादम मला म्हणाला होता, नुसता कातळावर डोळा ठेव. धुकं खिंडीतून उतरत होतं. काखेतल्या लाल झेंडीत पाणी भरलं होतं, ती जड झाली होती. पिळावी म्हणून मी ती सोडवली, दोन्ही हातांनी ताणली, आणि झटकायच्या आधी सहज खाली पाहिलं.

खाली वळणावर एक माणूस उभा होता. काळ्या घोंगडीची खोळ, गुडघ्यापर्यंत. तो माझ्याकडं बघत होता. त्याचं तोंड दिसण्याजोगं अंतर नव्हतं आणि मला ते दिसायची गरजही नव्हती. त्यानं आपली लाल उघडली. मग खिंडीकडं पाठ केली आणि कर्जतच्या बाजूला सामोरा उभा राहिला.

गाडीचा आवाज नव्हता. माझ्या मागं खिंडीत दगड नव्हता, मी नुकताच पाहून आलो होतो. झेंडी गुंडाळून टाकावी, असं माझ्या मनात आलं. गुंडाळली असती तर मला विचारणारं कोणी नव्हतं. पण खोपटातलं ते टेबल मला आठवलं, पायांवर गळणारं पाणी आठवलं, आणि मी सही केलेलं वाक्य. माणसाशिवाय झेंडी उघडत नाही, असं मीच सांगून आलो होतो.

मी झेंडी हलवली नाही. ताणून धरून राहिलो. खांदे भरून आले, बोटं बधिर झाली. मधे धुकं आलं, वळण झाकलं गेलं, तरी धरून राहिलो, कारण त्याला मी दिसत असेन का नसेन ते मला कळायला मार्ग नव्हता. किती वेळ गेला सांगता येत नाही. धुकं सरलं तेव्हा वळणावर कोणी नव्हतं. विजेचे चार खांब आणि ओले रूळ, एवढंच.

मग मी झेंडी पिळली. खिशातल्या पाकिटात जपलेला सावलीचा छाप काढला. त्याच्या घड्या पांढऱ्या पडल्या होत्या. रुळाच्या बाजूची खडी थोडी उकरून मी तो मोल म्हणून खाली सारला आणि वर एक दगड ठेवला. पुन्हा उचलला.

"बसला," मी म्हणालो.